प्रयोगकलांची आंतरविद्याशाखीय पदवी : मराठवाड्यातील विद्यार्थ्याने अभ्यास कसा करावा

बारावीनंतर केवळ नाटक, केवळ गायन किंवा केवळ नृत्य न शिकता या कला, त्यांचा इतिहास, त्यांच्याभोवतीचा समाज आणि रंगमंचाचे तंत्र यांचा एकत्रित अभ्यास करण्याची सोय आता बऱ्याच विद्यापीठांत झाली आहे. अशा पदवीची विषयपत्रिका वाचताना मन हरखून जाते, कारण तीत अभिनय असतो, तालशास्त्र असते, लोककला असते, सौंदर्यशास्त्र असते आणि प्रकाशयोजनाही असते. प्रत्यक्ष अभ्यास सुरू झाला की मात्र एक अडचण ध्यानात येते. प्रत्येक विषयाला प्राध्यापक आहे, तासिका आहे आणि परीक्षाही आहे, परंतु हे विषय एकमेकांना कोठे भेटतात ते दाखवणारी तासिका वेळापत्रकात नाही. ती भेट विद्यार्थ्याने स्वतः घडवून आणायची असते आणि ती घडली नाही, तर शेवटच्या वर्षी हातात पाच-सहा विषयांची तोंडओळख तेवढी उरते. या लेखात सांगितलेली पद्धत त्यासाठीच आहे : आपल्या परिसरातील एकच प्रयोग निवडावा आणि प्रत्येक पेपरचा अभ्यास त्या प्रयोगावर लावून पाहावा.

असा प्रयोग शोधण्यासाठी मराठवाड्यातील विद्यार्थ्याला लांब जावे लागत नाही. तुळजापूर व माहूर या दोन शक्तिपीठांभोवतीचा गोंधळ आणि आराधी मंडळांची गाणी, पैठणच्या नाथांची भारुडे, माळेगावच्या यात्रेतील लावणी, बंजारा तांड्यांवरील होळीची लेंगी, खुलताबादच्या उरुसातील कव्वाली, आंबेडकरी जलसा, गावोगावच्या सप्ताहातील कीर्तन हे सारे एस.टी.च्या एका मुक्कामाच्या अंतरावर आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला जे क्षेत्रकार्य म्हणून आखावे लागते, ते येथे घरच्या लग्नात समोर येऊन उभे राहते.

प्रवेश घेण्यापूर्वी

मराठवाड्यातील सार्वजनिक विद्यापीठांपैकी छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे ललित व प्रयोगजीवी कला संकुल ही दोन ठिकाणे प्रथम पाहावीत. संभाजीनगरातच एमजीएमच्या परिसरात महागामी हे कथक आणि ओडिसीचे गुरुकुल आहे. बाहेर पडण्याची तयारी असेल, तर पुणे विद्यापीठाचे १९८७ साली सुरू झालेले ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी हे पर्याय आहेत. अनेक महाविद्यालयांत बी.ए.ला संगीत हा विषय घेता येतो आणि जिल्ह्याच्या गावी राहूनच शिकणे भाग असेल, तर तो मार्गही कमी प्रतीचा समजू नये.

अभ्यासक्रमाच्या नावावरून फारसे काही कळत नाही. क्रेडिटचा तक्ता मागून घ्यावा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतरच्या रचनेत वर्षाला साधारण ४० ते ४४ क्रेडिट असतात, तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी मिळते, आणि मुख्य विषयाबरोबर एक गौण विषय व इतर विद्याशाखांतील काही ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. लेखी विषयाच्या एका क्रेडिटला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरले जातात, म्हणून चार क्रेडिटचे प्रात्यक्षिक म्हणजे सत्रात १२० तास, अर्थात पंधरा आठवड्यांत आठवड्याला आठ तास झाले. एवढे तास प्रत्यक्षात होतात का, हे विभागप्रमुखांपेक्षा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलेले बरे. तालमीची जागा तासिकांनंतर किती वाजेपर्यंत उघडी असते, नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला संगीताच्या तासाला बसू देतात का, उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का आणि शेवटच्या वर्षाचा प्रयोग गटाने करायचा की प्रत्येकाने स्वतंत्र, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. यांपैकी दुसऱ्या विषयाच्या तासाला बसण्याच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले, तर ती पदवी कागदावरच आंतरविद्याशाखीय आहे असे खुशाल समजावे.

प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी चाचणी असते. तीत एखादे स्वगत, एखादे गाणे किंवा वादन आणि थोडी मुलाखत एवढे असते. स्वगत निवडताना गाजलेल्या नाटकातील टाळ्यांचे वाक्य असलेला उतारा टाळावा, कारण परीक्षकांनी तो त्या दिवशी इतरांकडूनही ऐकलेला असतो. आपल्या बोलीत म्हणता येईल असा लहानसा उतारा अधिक उपयोगी पडतो. बीड-परभणीकडचा हेल लपवण्याची धडपड करू नये. प्रमाण उच्चार शिकता येतात आणि शिकावेतही, पण चाचणीच्या दिवशी ते उसने आणले की आवाज घशात अडकतो. बीड जिल्ह्यातील दरडवाडीसारख्या लहान गावातून निघालेले वामन केंद्रे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले, हे येथे सांगितलेले बरे, कारण गावाकडच्या मुलांना या चाचणीची भीती गरजेपेक्षा जास्त वाटते.

घरच्यांची समजूत घालणे हा वेगळाच विषय आहे आणि त्यावर सरसकट उपाय नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मुलाने दिवाळीनंतरचे सहा महिने वसतिगृहाची सोय आधी पाहावी. कलेचे पुढे पाहता येईल. शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर पहिल्याच महिन्यात भरावेत. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी असून तीत दोन वर्षे दरमहा ५,००० रुपये मिळत आले आहेत; अर्ज करताना चालू वर्षाची सूचना वाचावी. या शिष्यवृत्तीसाठी गुरूकडे काही वर्षे शिकल्याचा दाखला लागतो, म्हणून तो प्रथम वर्षातच लिहून घ्यावा.

एक कला हाताची असावी

अनेक कलांच्या अभ्यासाचा अर्थ सगळ्या कला सारख्याच शिकणे असा घेतला जातो आणि तेथेच घोटाळा होतो. एक कला रोजच्या रियाजाची असली पाहिजे. ती तबला असो, कथक असो किंवा अभिनय असो. त्या कलेतील कौशल्य हेच पुढे दुसऱ्या कलेशी बोलण्याचे साधन ठरते. संगीतात असलेल्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा पदवीबरोबर चालू ठेवाव्यात. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंतचा क्रम ठरलेला आहे आणि मध्यमा झालेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या पहिल्या दोन सत्रांचे संगीतशास्त्र जड जात नाही. येथे एक सावधगिरी बाळगावी : मंडळात पलुसकर स्वरलिपी शिकलेल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या पेपरात भातखंडे स्वरलिपी विचारली जाऊ शकते. दोन्हींची खुणांची कोष्टके एकाच पानावर समोरासमोर लिहून ठेवावीत.

बाकीच्या कला ऐकता, पाहता आणि वाचता येतील इतपत शिकाव्यात. नाटकाच्या विद्यार्थ्याला दादरा, केरवा आणि तीनताल हातावर न चुकता धरता आले पाहिजेत, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आल्याचे कळले पाहिजे आणि पेटीवर आपली पट्टी शोधता आली पाहिजे. याहून अधिक संगीत त्याच्याकडून कोणी मागत नाही, पण एवढे नसेल तर पार्श्वसंगीतकाराशी त्याचे बोलणे ‘जरा दुःखी काहीतरी वाजवा’ याच्या पुढे जात नाही. गायनाच्या विद्यार्थ्याने तालमींना बसावे आणि दोन वाक्यांमधील थांबा दिग्दर्शक कोणत्या कारणासाठी वाढवतो किंवा तोडतो ते टिपावे. नृत्याच्या विद्यार्थ्यांची अडचण बहुधा लेखनाची असते. पायांना जे येते ते कागदावर उतरवण्याची सवय त्यांना उशिरा लागते. त्यांनी रोज एका रचनेची जमिनीवरची आकृती काढावी, म्हणजे नर्तक कोठून निघाला, कोणत्या मात्रेला कोठे पोहोचला आणि तोंड कोणीकडे होते, एवढेच.

युवक महोत्सवाबद्दल दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. मराठवाड्यातील कलावंतांच्या पिढ्या एकांकिका स्पर्धा आणि विद्यापीठाचे युवक महोत्सव यांतून घडल्या आहेत आणि त्यांचे महत्त्व कमी करण्याचा माझा हेतू नाही. तरीही ठरलेल्या मिनिटांत बसवलेले भारूड किंवा लोकनाट्य पाहून भारूड कळले असे मानणे चूक आहे. स्पर्धेतील भारुडाला टाळी मिनिटामिनिटाला हवी असते, तर सप्ताहातील भारूडकार श्रोत्यांना निवांतपणे रेंगाळू देतो. शिवाय महोत्सवाच्या महिन्यात अभ्यास पूर्ण थांबतो. वर्षातून एक महोत्सव आणि एक स्पर्धा एवढ्यावर थांबावे, असे माझे मत आहे.

एक प्रयोग, सगळे पेपर

आता मुख्य पद्धतीकडे वळू. उदाहरणासाठी गोंधळ घेतो, कारण तो मराठवाड्यात बहुतेकांनी पाहिलेला असतो आणि त्यात गायन, वादन, नर्तन, कथन व विधी हे सगळे एका रात्रीत असते. भारूड, जलसा किंवा कव्वाली घेतली तरी रीत तीच राहील.

पहिल्या खेपेस काहीही रेकॉर्ड करू नये. वही घेऊन बसावे. पानाचे चार उभे रकाने करावेत : वेळ, कानाला काय आले, डोळ्याला काय दिसले आणि बसलेल्यांत काय झाले. नमुन्यादाखल एक ओळ अशी असेल : रात्री दहा वाजून चाळीस मिनिटे, संबळ एकाएकी थांबला, तुणतुणे चालूच, साथीदाराने खांद्यावरचे उपरणे डोक्यावरून पदरासारखे घेतले, मागे बसलेल्या बायका हसल्या, पुढच्या रांगेतील म्हातारे गंभीरच. या एका ओळीत चार पेपरांचा मजकूर आहे. संबळ थांबून तुणतुण्याचा षड्ज चालू राहणे ही संगीताची बाब झाली. उपरण्याचा पदर करून पुरुषाने स्त्रीपात्र उभे करणे हा आहार्य, म्हणजे वेशभूषेतून होणाऱ्या, अभिनयाचा प्रश्न आहे, तोही अगदी काटकसरीच्या रूपात. बायका हसल्या आणि म्हातारे हसले नाहीत, हे समाजशास्त्राच्या पेपरात जाईल. आणि या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी घडल्या, हे जोडून सांगणे म्हणजेच या पदवीचा अभ्यास.

त्यानंतर एकेक पेपर हाती घ्यावा. संगीताच्या पेपरसाठी संपूर्ण गोंधळाचे स्वरलेखन करण्याच्या फंदात पडू नये. गणाच्या, म्हणजे आरंभीच्या गणेशस्तवनाच्या, दोन ओळी आणि आवाहनाच्या दोन ओळी घ्याव्यात. आवाहनात गावोगावच्या देवतांना नावानिशी गोंधळाला बोलावले जाते, चाल तीच राहते आणि नावाच्या अक्षरांप्रमाणे तालातली जागा लहानमोठी करून घेतली जाते. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका ही नावे त्याच चालीत कशी बसवली, ते मात्रांखाली अक्षरे लिहून पाहावे. वादनासाठी संबळाजवळ बसावे. त्याची दोन भांडी एकमेकांना बांधलेली असतात, एकाचा आवाज चढा आणि दुसऱ्याचा खर्जातला. तो काड्यांनी वाजतो आणि एका काडीचे टोक वाकवलेले असते. कोणत्या काडीने कोणता बोल निघतो, हे वादकालाच विचारावे, आणि तो ज्या शब्दांत सांगेल तेच शब्द वहीत लिहावेत. तबल्याचे बोल त्यावर लादू नयेत.

नाटकाच्या पेपरसाठी नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, आणि त्याचा साथीदार यांच्यातील संवाद हे खरे साहित्य आहे. नाईक आख्यान लावतो, साथीदार अडाणीपणाचा आव आणून प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नांमुळे कथा कधी पुढे सरकते तर कधी मुद्दाम आडवाटेला जाते. महाभारताच्या आधाराने रचलेल्या जांभूळाख्यानासारख्या कथानकात द्रौपदीच्या मनातली गोष्ट उघड होते. तेथे साथीदार कोणता प्रश्न विचारतो आणि कोणता टाळतो, याची यादी करावी. निवेदक कोणत्या वाक्याला पात्र झाला आणि कोणत्या वाक्याला पुन्हा निवेदक झाला, त्या जागी संहितेत रेघ मारावी. आधुनिक नाट्यतंत्राच्या तासाला निवेदनप्रधान रंगभूमीविषयी जे शिकवतात, ते अशा रेघा मारलेल्या पानावर चटकन उमगते.

नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांच्या पेपरला गोंधळाचा काय उपयोग, असे वाटेल. चौक मांडला की अंगणात रंगमंच तयार होतो आणि त्याची सीमा सर्वांना समजते, कोणी सांगावी लागत नाही. दिवटीचा उजेड खालून आणि बाजूने येतो, हलता असतो आणि नर्तकाच्या हातातच असतो. मंगल कार्यालयात पांढऱ्या एलईडीखाली तोच गोंधळ पाहिला, की उजेड बदलल्याने काय हरवले ते नेमक्या शब्दांत सांगता येते. अशा दोन प्रयोगांची तुलना प्रकाशयोजनेच्या गृहपाठासाठी उत्तम विषय आहे.

समाजशास्त्रीय बाजू शेवटी घ्यावी, कारण तीवर घाईने लिहिण्याचा मोह सर्वांना होतो. गोंधळ कोणाच्या घरी, कोणत्या निमित्ताने, कोणाच्या सांगण्यावरून ठरला. बिदागी कशी ठरली. कदमराई आणि रेणुराई या दोन परंपरांपैकी मंडळी कोणत्या. मुले संबळ शिकतात की डीजे चालवतात. स्त्रिया कोठे बसल्या आणि त्यांचा सहभाग कोठे होता. पूर्वी रात्रभर चालणारा विधी आता किती वेळात आटोपतो आणि त्यातला कोणता भाग आधी कापला जातो. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला सर्वांत मोलाचे वाटते. काय कापले जाते हे कळले, की त्या समाजाला काय टिकवणे अपरिहार्य वाटते तेही कळते.

मराठवाड्यात लोकसाहित्याच्या अशा अभ्यासाची वाट डॉ. प्रभाकर मांडे यांनी आयुष्यभराच्या कामाने घालून दिली आहे. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परभणीच्या राजारामबापू कदमांसारख्या गोंधळ्यांनी ही कला रंगमंचावर मांडली. हे दोन्ही संदर्भ विद्यार्थ्याला ठाऊक असावेत, पण स्वतःच्या गावच्या गोंधळ्याला बाजूला सारून नव्हे.

लोकांमध्ये गेल्यावर

दुसऱ्या खेपेस रेकॉर्डिंग करावे, तेही परवानगी घेऊनच. परवानगी नाईकाची घ्यावी आणि ज्यांच्या घरी विधी आहे त्यांचीही. नाईक हो म्हणाला म्हणून घरच्यांची संमती गृहीत धरता येत नाही. मोबाइल पुरतो, मात्र तो विमान मोडवर टाकावा, संबळापासून थोडा दूर ठेवावा आणि वाऱ्याच्या दिशेला पाठ करून बसावे. सुरुवातीला तारीख, गाव, तालुका, निमित्त आणि कलावंतांनी सांगितलेली नावे स्वतःच्या आवाजात बोलून घ्यावीत, म्हणजे पुढे फायलींची सरमिसळ होत नाही. घरी आल्या दिवशीच दुसरी प्रत काढावी.

कलावंतांकडून शिकायला बसलो, तर त्या वेळेचे मानधन द्यायचे असते. ‘आम्ही विद्यार्थी आहोत’ ही सबब फार वेळा पुढे केली जाते. पैसे खरोखर नसतील तर ते आधी सांगावे, आणि बदल्यात त्यांच्या कामाचे चांगले ध्वनिमुद्रण, कलाकार मानधन योजनेच्या अर्जाची कागदपत्रे भरून देणे किंवा त्यांच्या मुलीच्या प्रवेशाची माहिती काढून देणे यांपैकी काहीतरी करावे. आराधी गाणी म्हणणाऱ्या स्त्रियांशी बोलायला शक्यतो वर्गातील मुलींनी जावे आणि घाई करू नये. घरातल्या पुरुषांसमोर ज्या गाण्यांची आठवण होत नाही, ती भाकरी थापताना सहज निघतात. त्यांना भाषेचे किंवा देवीच्या संचाराचे वेडेवाकडे प्रश्न विचारू नयेत. संचार खरा की खोटा हा या अभ्यासाचा विषय नाही.

क्षेत्रकार्य यात्रांच्या वेळापत्रकाशी जुळवावे. आश्विनातील नवरात्र तुळजापूर व माहूरला, मार्गशीर्ष वद्यातील यात्रा माळेगावला, फाल्गुन वद्य षष्ठी पैठणला. यांपैकी काही तारखा सत्र परीक्षेच्या आसपास येतात, तेव्हा वर्षाच्या आरंभीच पंचांग आणि विद्यापीठाचे वेळापत्रक शेजारी ठेवून आखणी करावी. गर्दीच्या मुख्य दिवशी जाऊन हाती फारसे लागत नाही. आदल्या रात्री राहुट्या उभ्या राहताना गेले, तर कलावंतांना बोलायला सवड असते.

शास्त्र वाचण्याची रीत

शास्त्राचे पेपर अनेकांना कंटाळवाणे वाटतात, कारण व्याख्या पाठ करण्यापलीकडे त्यांत काही असेल असे कोणी दाखवत नाही. येथेही तोच उपाय आहे. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यगृहाचे विकृष्ट (आयताकार), चतुरस्र (चौरस) आणि त्र्यस्र (त्रिकोणी) असे प्रकार सांगितले आहेत. ते वाचून झाले की टेप घेऊन संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिराच्या किंवा आपल्या गावच्या सभागृहाच्या रंगमंचाची लांबी-रुंदी काढावी, शेवटच्या रांगेत बसून कुजबुज ऐकू येते का ते पाहावे, आणि नंतरच त्या अध्यायावर उत्तर लिहावे. आंगिक, वाचिक, सात्त्विक व आहार्य हे अभिनयाचे चार प्रकार आपल्या चार रकान्यांच्या वहीवर लावून पाहिले, की कोणता प्रकार आपल्या नजरेतून कायम सुटतो ते लगेच कळते. बहुतेकांचा सात्त्विक, म्हणजे आतल्या भावाचा अभिनय, सुटतो.

संगीतरत्नाकर हा ग्रंथ तर याच मातीतला आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शारंगदेवाने तो लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे आणि त्याची नेमणूक दरबाराच्या हिशेब-लेखन विभागात, हेही सांगण्यासारखे आहे. ग्रंथाचे सात अध्याय स्वर, राग, प्रकीर्णक, प्रबंध, ताल, वाद्य आणि नर्तन या क्रमाने जातात. दौलताबादचा किल्ला शाळेच्या सहलीत पाहिलेल्या विद्यार्थ्याला एकाच ग्रंथात गायन, वादन आणि नृत्य यांचा एकत्र विचार तेथेच झाला होता हे समजले, तर आंतरविद्याशाखीय हा शब्द त्याला परका वाटणार नाही. वाद्याध्याय आणि नर्तनाध्याय यांतील एकेक लहान प्रकरण प्राध्यापकांबरोबर बसून वाचावे. अख्खा ग्रंथ पदवीच्या वर्षांत वाचून होत नाही.

संभाजीनगरच्या विद्यापीठामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात मधोमध नर्तकी आणि दोन्ही बाजूंना वादक स्त्रिया असे सहाव्या शतकाच्या सुमाराचे शिल्प आहे. ते पाहायला जावे, वाद्ये ओळखण्याचा प्रयत्न करावा आणि नर्तकीचा तोल कोणत्या पायावर आहे ते स्वतः तसे उभे राहून पाहावे. शिल्पावरून त्या काळचे नृत्य असेच होते असे विधान मात्र करू नये. शिल्पकाराने थांबवलेली मुद्रा दगडाच्या सोयीनेही थांबवलेली असते.

लेखन, प्रकल्प आणि पुढचे

उत्तर लिहिताना आधी पाहिलेली घटना, मग तिच्याविषयीचा विचार आणि शेवटी शास्त्राचा आधार असा क्रम ठेवावा. उलट क्रमाने लिहिलेली उत्तरे सगळ्यांची सारखीच होतात. रंगावृत्ती, तालीम, नेपथ्य, साथसंगत, बिदागी हे रूढ शब्द बिनदिक्कत वापरावेत. त्यांच्या जागी अनुवादित पुस्तकांतील अवजड पर्याय आणण्याची गरज नाही. इंग्रजीतील संशोधन वाचावे लागतेच. नाट्यदिग्दर्शक व अभ्यासक रिचर्ड शेकनर आणि मानववंशशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर यांच्या विचारविनिमयातून विधी आणि नाट्य यांच्या नात्याचा जो अभ्यास उभा राहिला, तो गोंधळ अभ्यासणाऱ्याला थेट उपयोगाचा आहे. रोज एक पान वाचून त्याचा आशय मराठीत चार ओळींत लिहिण्याची सवय दुसऱ्या वर्षापासून लावावी.

चौथ्या वर्षी प्रकल्पाचा विषय ठरवताना ‘मराठवाड्यातील लोककला : एक अभ्यास’ असे शीर्षक सुचले, तर ते ताबडतोब खोडावे. एका मंडळाचा एक प्रयोग, एका जलशातील गाण्यांच्या चाली, देगलूर-बिलोलीच्या सीमेवर मराठी आणि तेलुगू एकत्र येणारे एखादे सादरीकरण एवढा आवाका पुरेसा आहे. मराठवाड्यातच दत्ता भगत आणि प्रकाश त्रिभुवन यांच्यासारख्या नाटककारांनी दलित रंगभूमीला आकार दिला, विद्यापीठाच्या नामांतराचा लढा १९९४ च्या नामविस्तारापर्यंत चालला आणि त्या वर्षांत शाहिरी व जलशाने गावागावांत काम केले. त्या काळी गायलेली माणसे आज वयस्कर झाली आहेत, आणि त्यांच्या चाली लिहून घेण्याचे काम पदवीच्या प्रकल्पात सहज बसते. प्रकल्पात लेखी भागाबरोबर छोटा प्रयोग करायचा असेल, तर विधी जसाच्या तसा रंगमंचावर उचलून आणण्याऐवजी त्यातील एकच युक्ती घ्यावी, उदाहरणार्थ साथीदाराचे प्रश्न, आणि ती आजच्या विषयावर चालते का ते तपासावे. तालमीच्या नोंदी प्रकल्पाला परिशिष्ट म्हणून जोडाव्यात. तोंडी परीक्षेत त्यांवरच अधिक प्रश्न येतात.

पदवीनंतरचे मार्ग थोडे आहेत आणि ते आधीच ठाऊक असावेत. अध्यापनात जायचे असेल तर एम.ए. करून नेट किंवा सेट द्यावी लागते. राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी, हिंदी व इंग्रजीचे कामचलाऊ ज्ञान आणि किमान सहा नाट्यप्रयोगांत भाग घेतल्याचा पुरावा मागितला जातो. म्हणून पहिल्या वर्षापासून प्रत्येक प्रयोगाची निमंत्रणपत्रिका, प्रमाणपत्र आणि वर्तमानपत्रातील कात्रण एका फायलीत ठेवावे, आणि राज्य नाट्य स्पर्धेत बॅकस्टेजला काम केले असले तरी त्याचा दाखला दिग्दर्शकाकडून त्याच आठवड्यात सहीनिशी घ्यावा. प्रकाश आणि ध्वनी यांचे काम मनापासून शिकलेल्यांना जिल्ह्याच्या गावीही नियमित कामे मिळतात. अभिनयाच्या ओढीने आलेल्यांनीही एखादे सत्र डिमर आणि मिक्सरपाशी घालवावे.